मूलपेशींची सुरगांठ

जुन्या घरांतून पोथ्या रुमालांत बांधून ठेवण्याची रीत असे. रोजच्या पाठाची पोथी असली, तर तिच्या रुमालाला सुरगांठ मारीत. एक टोंक ओढलें कीं रुमाल उलगडला. जी पोथी आतां वाचावयाची नाहीं, केवळ जपून ठेवावयाची, तिला निरगांठ बसे, आणि ती सोडण्याचा प्रसंग आलाच तर नखें दुखून येत. सजीवाच्या शरीरांतील प्रत्येक पेशीची गोष्ट कांहींशी अशीच आहे. तिच्या केंद्रकांत साऱ्या शरीराचें लिखाण सांठविलेलें असतें. त्यांतील कोणता भाग उघडा ठेवावयाचा, कोणत्यास सुरगांठ मारावयाची आणि कोणत्यास निरगांठ, यावर ती पेशी हृदयाची होणार, हाडाची होणार, कीं मेंदूची होणार, हें ठरतें. गर्भाच्या अगदीं आरंभीं मात्र कांहीं थोड्या पेशी अशा असतात, कीं शरीर घडविणाऱ्या मुख्य लिखाणावर त्यांनीं अद्याप निरगांठ बसूं दिलेली नसते. त्यांतील प्रत्येक पेशी शरीराचा कोणताहि अवयव होऊं शकते. या शक्तीला शास्त्रांत प्लुरिपोटन्सी असें नांव आहे. मराठींत तिला बहुरूपक्षमता म्हणतां येईल. ही क्षमता त्या पेशी कशी राखतात, आणि वेळ येतांच ती कशी सोडून देतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम त्या लिखाणाविषयीं दोन शब्द. मनुष्याच्या एका पेशीच्या केंद्रकांत डीएनएचे जे धागे असतात, ते उलगडून एकापुढें एक मांडले, तर लांबी सुमारें २ मीटर भरेल. प्रथिनें बनविण्याच्या सूचना देणारीं सुमारें २०,००० जनुकें या धाग्यांवर आहेत. हिस्टोन नांवाच्या प्रथिनांचीं जणूं असंख्य रिळें असून त्यांवर हा धागा गुंडाळलेला असतो. एके काळीं अशी शंका घेतली जाई, कीं पेशी एकदां आंतड्याची किंवा कातडीची झाली, म्हणजे इतर अवयवांचीं जनुकें ती टाकून देत असावी. या शंकेचें उत्तर ऑक्सफर्ड येथें जॉन गर्डन यांनीं १९६२ सालीं दिलें. त्यांनीं बेडकाच्या पिल्लाच्या आंतड्यांतील पेशीचें केंद्रक काढून, ज्याचें स्वतःचें केंद्रक नष्ट केलें होतें अशा अंड्यांत तें घातलें. आणि अशा कांहीं अंड्यांतून पोहणारीं पिल्लें तयार झालीं. आंतड्याच्या पेशीनें कांहींच टाकलेलें नव्हतें. डोळ्याची पानें, स्नायूंचीं पानें, सर्व तेथेंच होतीं. फक्त बांधून ठेवलेलीं होतीं.

त्याच सुमारास, १९६१ सालीं, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील फ्रान्स्वा झाकोब आणि झाक मोनो यांनीं बांधणें व सोडणें कसें चालतें याचें एक साधें उदाहरण दाखविलें. आंतड्यांत राहणारा एक जंतु दुधांतील साखर पचविण्याचीं जनुकें, ती साखर समोर असेल तेव्हांच चालू करतो. एरवीं एक नियामक प्रथिन त्या जनुकांच्या आरंभीं डीएनएवर ठाण मांडून वाट अडवितें. जनुक असणें ही एक गोष्ट आणि तें चालू असणें ही दुसरी. या दुसऱ्या गोष्टीच्या व्यवस्थेलाच जनुकनियमन म्हणतात. जंतूच्या बाबतींत हा एका जेवणाचा प्रश्न होता. गर्भाच्या बाबतींत तो सबंध देहाचा होतो.

आतां गर्भाकडे वळूं. उंदराच्या मादीच्या पोटांत गर्भधारणेला साडेतीन दिवस झाले, म्हणजे गर्भाचा एक सूक्ष्म पोकळ गोळा बनतो. त्याच्या बाहेरच्या थरापासून पुढें वारेचा भाग तयार होतो, आणि आंत एका बाजूला चिकटलेला जो पेशींचा पुंजका असतो, त्यापासून सारें शरीर होतें. बहुरूपक्षमता या पुंजक्यांत असते. पण ती फार काळ टिकत नाहीं. गर्भ गर्भाशयाच्या भिंतींत रुजला, कीं थोड्याच दिवसांत एकेक पेशी आपापली वाट धरते. १९८१ सालीं केंब्रिज येथें मार्टिन एव्हान्स आणि मॅथ्यू कॉफमन यांनीं, व त्याच वर्षीं सॅन फ्रान्सिस्को येथें गेल मार्टिन यांनीं स्वतंत्रपणें, उंदराच्या अशा पेशी कांचेच्या बशींत वाढविण्यांत यश मिळविलें. त्यांना गर्भीय मूलपेशी हें नांव मिळालें. त्या दुणावत राहिल्या, पिढ्यांमागून पिढ्या गेल्या, तरी त्यांची क्षमता कायम राहिली. त्यांना पुन्हां दुसऱ्या गर्भांत सोडलें, तर जन्मास येणाऱ्या उंदराच्या सर्व अवयवांत त्यांची संतति आढळूं लागली. पुढें १९९८ सालीं अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठांत जेम्स थॉमसन यांनीं मानवी गर्भांपासून अशाच पेशी मिळविल्या. ते गर्भ शरीराबाहेरील फलनाच्या उपचारासाठीं तयार केलेले असून, संबंधित दांपत्यांनीं ते संमतीनें दिलेले होते.

निसर्गांत जी अवस्था फार तर कांहीं दिवस टिकते, ती बशींत वर्षानुवर्षें कशी टिकते, हा प्रश्न मग उभा राहिला. या पेशी केवळ कोऱ्या आहेत, त्यांच्यावर अजून कांहीं लिहिलेलें नाहीं म्हणून त्या कांहींहि होऊं शकतात, असें प्रथमदर्शनीं वाटतें. ही समजूत चुकीची आहे. कोरी पाटी कोरी राहण्यासाठीं कांहीं करीत नाहीं. या पेशींना मात्र प्रत्येक क्षणीं काम करावें लागतें.

त्या कामाचा पहिला भाग बाहेरून येणारा निरोप. आरंभीं या पेशी दुसऱ्या पोषक पेशींच्या थरावर ठेवल्या तरच टिकत. १९८८ सालीं असें आढळलें, कीं त्या पोषक पेशी लिफ नांवाचें एक प्रथिन बाहेर सोडतात, आणि तें दिलें असतां उंदराच्या मूलपेशींना पोषक थराची गरज उरत नाहीं. लिफ काढून घेतलें, कीं कांहीं दिवसांतच पेशी रूप बदलूं लागतात. हा निरोप पेशीच्या कवचावर पोंचतो आणि स्टॅट-३ नांवाचें प्रथिन तो केंद्रकांत नेऊन देतें. मानवी मूलपेशींना लिफचा असा आधार पुरत नाहीं. त्यांना निराळे निरोप लागतात. तथापि बाहेरचा निरोप कोणताहि असो, केंद्रकांत तो स्वीकारून त्याप्रमाणें व्यवस्था ठेवणारें कोणी तरी असावेंच लागतें.

हे व्यवस्थापक म्हणजे मुख्यतः तीन नियामक प्रथिनें: ऑक्ट-४, सॉक्स-२ आणि नॅनॉग. पैकीं ऑक्ट-४ चें महत्त्व १९९८ सालीं स्पष्ट झालें. ज्या उंदरांच्या गर्भांत त्याचें जनुकच नव्हतें, त्यांत पोकळ गोळा झाला, परंतु आंतल्या पुंजक्याला शरीर घडवितां येईना. त्या पेशीहि वारेच्या वाटेला लागल्या. दोन वर्षांनीं, म्हणजे २००० सालीं, हितोशी निवा व ऑस्टिन स्मिथ प्रभृति संशोधकांनीं या प्रथिनाचें प्रमाण हवें तसें कमीजास्त करून पाहिलें. तें निम्म्याखालीं गेलें, कीं पेशी वारेच्या बाजूस झुकतात. तें दुपटीहूनहि कमी अशा वाढीनें वाढलें, तरी पेशी निराळ्या थरांच्या रूपांत जाऊं लागतात. म्हणजे हें प्रथिन पुष्कळ असणें हा कांहीं लाभ नव्हे. तंबोऱ्याची तार ढिली झाली तर सूर उतरतो आणि अधिक ओढली तर चढतो. मधली एक जागा तेवढी खरी. मूलपेशीला ती जागा सतत सांभाळावी लागते.

सॉक्स-२ हें ऑक्ट-४ चा जोडीदार आहे. डीएनएवर दोघांच्या बसण्याच्या जागा पुष्कळ ठिकाणीं शेजारीं शेजारीं आढळतात, आणि तेथें तीं दोघें मिळून काम करतात. तिसरें नॅनॉग. हें २००३ सालीं एडिंबरो आणि जपानमधील नारा येथील संशोधकांना एकाच वेळीं सांपडलें. त्याच्या अंगीं असा गुण दिसला, कीं तें भरपूर असल्यास उंदराच्या मूलपेशी लिफ नसतांहि आपलें रूप टिकवितात. आयर्लंडच्या लोककथांत तीर ना नोग नांवाची एक भूमि आहे. तेथें कोणी म्हातारें होत नाहीं. त्या भूमीवरून या प्रथिनाचें नांव ठेवलें गेलें.

ही तीन प्रथिनें नेमकीं कोठें बसतात, याची पाहणी २००५ सालीं अमेरिकेंतील व्हाइटहेड इन्स्टिट्यूटमध्यें रिचर्ड यंग यांच्या प्रयोगशाळेनें मानवी मूलपेशींत केली. तिघांचीहि बैठक एकत्र आढळली, अशीं किमान ३५३ जनुकें निघालीं. त्यांतील कांहीं चालू होतीं. तीं मूलपेशीची आजची अवस्था टिकविणारीं होतीं. कांहीं बंद होतीं. तीं पुढें निरनिराळे अवयव घडविणारीं होतीं. आणि सर्वांत लक्षणीय गोष्ट ही, कीं या तिघांपैकीं प्रत्येकाच्या स्वतःच्या जनुकावरहि तिघेंच बसलेलीं होतीं. रात्रीं खळ्यावर राखण करणारे तिघे जसे एकमेकांना हांका मारून जागें ठेवतात, तशीं हीं प्रथिनें एकमेकांची निर्मिति चालू ठेवतात. पेशी दुभंगून तिच्या दोन झाल्या, तरी दोघींच्या वांट्याला हे राखणदार येतात, ते पुन्हां एकमेकांना हांक देतात, आणि राखण पुढें चालू राहते. बशींतील वर्षानुवर्षांच्या टिकावाचें मर्म बऱ्याच अंशीं या हांकांत आहे.

आतां जीं जनुकें बंद ठेवावयाचीं, त्यांची गांठ कशी मारतात तें पाहूं. हिस्टोन प्रथिनांना एक एक शेपूट असतें, आणि त्यावर लहान रासायनिक खुणा चढवितां येतात. एका जागेवरील खूण जनुक उघडण्यास अनुकूल असते. दुसऱ्या जागेवरील खूण, जी पॉलिकोंब नांवाचा प्रथिनांचा गट चढवितो, ती जनुक बंद ठेवते. या दोन खुणा परस्परविरोधी असल्यामुळें त्या एकत्र नांदत नसतील, अशी अपेक्षा होती. परंतु २००६ सालीं ब्रॅडली बर्नस्टाइन व त्यांचे सहकारी यांना उंदराच्या मूलपेशींत असें दिसलें, कीं अवयव घडविणाऱ्या अनेक मुख्य जनुकांवर दोन्ही खुणा एकदमच आहेत. जनुक बंद तर आहे. पण उघडण्याची खूणहि शेजारीं ठेवलेली आहे. हीच ती सुरगांठ. पेशी मज्जातंतूच्या वाटेला लागली, म्हणजे त्या वाटेच्या जनुकांवरची बंद ठेवणारी खूण निघून जाते आणि तीं जागीं होतात. इतर वाटांच्या पुष्कळ जनुकांवर केवळ बंद ठेवणारी खूण उरते. पुढें कित्येक ठिकाणीं डीएनएवरच आणखी रासायनिक शिक्के बसतात आणि गांठ घट्ट होत जाते. हृदयाची पेशी जन्मभर हृदयाचीच राहते, ती अशा निरगांठींच्या बळावर.

एवढ्यावर विषय संपता, तर मूलपेशी म्हणजे एक अभेद्य किल्ला, असें म्हणतां आलें असतें. वस्तुस्थिति तशी नाहीं. २००७ सालीं एडिंबरो येथील संशोधकांनीं दाखविलें, कीं एकाच बशींतील मूलपेशींत नॅनॉगचें प्रमाण सारखें नसतें. तें काहींत भरपूर असतें, कांहींत उतरलेलें असतें, आणि तेंहि स्थिर नसतें. ज्या पेशींत तें उतरतें त्यांचें पाऊल उंबरठ्यावर येतें. परंतु बहुधा त्यांना परत फिरतांहि येतें. मग त्यांना उंबरठ्यापर्यंत ओढून नेणारें कोण? शोध घेतां असें आढळलें, कीं एफजीएफ-४ नांवाचा निरोप त्यांना रूप बदलावयास सांगतो, आणि हा निरोप त्या पेशी स्वतःच पाठवितात. एवढेंच नव्हे, तर एफजीएफ-४ चें जनुक चालू करण्यांत ऑक्ट-४ आणि सॉक्स-२ या राखणदारांचाच हात असतो. २००८ सालीं ऑस्टिन स्मिथ आणि चि-लोंग यिंग यांच्या गटानें दोन औषधी द्रव्यांनीं पेशींतील दोन प्रेरणा अडविल्या. त्यांपैकीं एक या निरोपाच्या वाटेवरची होती. तेवढ्यानें उंदराच्या मूलपेशी शांत राहिल्या आणि त्यांची चलबिचल पुष्कळ कमी झाली.

या शोधाचा अर्थ नीट ध्यानांत घेण्यासारखा आहे. जीं प्रथिनें क्षमतेची राखण करतात, तींच निघण्याची तयारीहि करून ठेवतात. माहेरीं मुलीला जीव लावणारी आईच तिच्या सासरच्या पेटीची तयारी करते, यांत जसा विरोध नाहीं, तसाच तो येथेंहि नाहीं. गर्भाच्या दृष्टीनें बहुरूपक्षमता जपून ठेवण्याचें कारणच मुळीं हें, कीं योग्य वेळीं ती खर्च करतां यावी.

निरगांठ एकदां बसली म्हणजे ती सुटतच नाहीं काय? गर्डन यांच्या बेडकांनीं याचें अर्धें उत्तर दिलें होतें. उरलेलें जपानमधील क्योटो येथून आलें. शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनीं मूलपेशींत महत्त्वाचीं वाटणारीं २४ जनुकें निवडलीं, तीं उंदराच्या साध्या संयोजक पेशींत घातलीं, आणि मग एकेक वगळून पाहिलें. अखेर चार पुरेशीं ठरलीं: ऑक्ट-४, सॉक्स-२, केएलएफ-४ आणि सी-मिक. हें २००६ सालीं प्रसिद्ध झालें, आणि पुढच्याच वर्षीं मानवी पेशींतहि साधलें. हजारों पेशींतून एखादीच परत फिरे, आणि तिलाहि आठवडे लागत. पण ती फिरे. २०१२ सालचें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक गर्डन आणि यामानाका यांना विभागून मिळालें. मानवी गर्भ न मोडतां तशाच शक्तीच्या पेशी मिळूं लागल्या, आणि अनेकांच्या मनांतील एक मोठा पेंच सैल झाला.

तो पेंच संपला मात्र नाहीं. मानवी गर्भाचे कांहीं प्रश्न मानवी गर्भालाच विचारावे लागतात. २०१७ सालीं लंडनच्या फ्रान्सिस क्रिक इन्स्टिट्यूटमध्यें कॅथी निआकन यांच्या गटानें, सरकारमान्य नियामक संस्थेची परवानगी घेऊन, दान दिलेल्या मानवी गर्भांत ऑक्ट-४ चें जनुक निकामी केलें. त्या गर्भांचा पोकळ गोळा नीट बनेना. उंदरापेक्षां मनुष्यांत या प्रथिनाची गरज आधींच पडते, असें त्यावरून दिसलें. हें ज्ञान उंदरावरून मिळालें नसतें. तें मिळवितांना गर्भाचा मान कसा राखावा, हा विचार प्रयोगशाळेच्या दाराबाहेर ठेवतां येत नाहीं. म्हणूनच या कार्याला परवानगी, संमति आणि दिवसांची मर्यादा यांचीं बंधनें घातलेलीं आहेत.

दुसरा धोका रुग्णाच्या बाजूचा आहे. गर्भाच्या शिस्तींत जी क्षमता देह घडविते, तीच प्रौढ शरीरांत मोकाट सुटली तर अनर्थ करते. बहुरूपक्षम पेशी जशीच्या तशी टोंचली, तर तिची टेराटोमा नांवाची गांठ होते, आणि तींत केस, कूर्चा, प्रसंगीं दांतसुद्धां एकत्र सांपडतात. सर्व रूपें आहेत, पण देह नाहीं. म्हणून उपचारासाठीं पेशी वापरावयाच्या, तर त्यांतील एकूणएक पेशीनें आपली बहुरूपक्षमता सोडलेली असली पाहिजे. जपानमधील कोबे येथें २०१४ सालीं मासायो ताकाहाशी यांच्या गटानें, दृष्टिपटल झिजत चाललेल्या एका वृद्ध स्त्रीच्या स्वतःच्याच त्वचेच्या पेशी मागें फिरवून, त्यांपासून दृष्टिपटलामागील रंगद्रव्याच्या पेशींचा थर तयार केला आणि तो तिच्या डोळ्यांत बसविला. वर्षभरानें तो थर जागेवर शाबूत होता; दृष्टि सुधारली नव्हती, पण आणखी बिघडलीहि नव्हती. दुसऱ्या रुग्णासाठीं तयार केलेल्या पेशींत मात्र डीएनएचे कांहीं बदल आढळले, आणि त्या डोळ्यांत न घालतां तें काम थांबविण्यांत आलें. पहिल्या शस्त्रक्रियेइतकाच हा नकारहि या शास्त्राला भूषणावह आहे.

आपल्याकडे कोणत्याहि दुखण्यावर मूलपेशींचा उपचार करून देतों, अशा जाहिराती दिसतात आणि गांजलेलीं कुटुंबें कर्ज काढून तेथें जातात. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटलें आहे, कीं कांहीं ठराविक विकारांवर रक्त निर्माण करणाऱ्या मूलपेशींचें रोपण करतात तें सोडून, मूलपेशींचा इतर उपयोग मान्यता घेऊन चालविलेल्या चाचणींतच व्हावा. गांठ कोणती आणि ती कोणीं सोडावी, हें ज्याला ठाऊक नाहीं, त्याच्या हातीं पोथी देऊं नये, एवढाच याचा अर्थ.

शेवटीं श्रोत्यांनीं एक गोष्ट मनांत आणावी. आज हें भाषण ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या जन्मापूर्वीं सुमारें साडेआठ महिने, अशा थोड्याशा पेशींचा एक पुंजका आईच्या पोटांत होता. त्यांतील राखणदारांनीं कांहीं दिवस एकमेकांना हांका दिल्या, एकहि मुख्य गांठ घट्ट होऊं दिली नाहीं, आणि मग वेळ येतांच तीं एकेका जनुकावरून उठून गेलीं. कांहीं पेशी हृदयाकडे गेल्या, कांहीं हाडांकडे, आणि कांहीं कानाकडे गेल्या, म्हणून हें भाषण ऐकूं येत आहे.